'प्रतिपिंड', पण कोणाच्या प्रति?

दादरहून एका ताईंनी विचारलंय. वडिलांना फुफ्फुसाचा कॅन्सर आहे. माहितीपत्रकात निवोलुमॅब या औषधापुढे 'प्रतिपिंड उपचार' असं छापलंय, आणि ते वाचून आईला दहाव्याचे पिंडच आठवले. हा शब्द बरोबर आहे का? आणि शरीराच्याच काही पेशी गाठ वाढवतात असं डॉक्टर म्हणत असतील, तर त्यांना 'प्रतिकारक' कसं म्हणायचं?

शब्द बरोबर आहे. पाउल एर्लिख या शास्त्रज्ञांनी १८९१ साली जर्मनमध्ये 'आंटीकोर्पर' लिहिलं. कोर्पर म्हणजे देह आणि पिंड म्हणजेही देहच, 'पिंडी ते ब्रह्मांडी' मधला. पण घरात दहाव्याचा पिंड आधी आठवणार, त्याला व्युत्पत्ती काय करणार? त्यापेक्षा 'अँटीबॉडी' म्हणा. जुलै २०२०च्या कोविडच्या सेरो सर्वेक्षणात (म्हणजे रक्ततपासणीच्या पाहणीत) मुंबईच्या तीन विभागांतल्या झोपडपट्ट्यांत तपासलेल्या ५७ टक्के लोकांच्या रक्तात त्या सापडल्या, तेव्हापासून हा शब्द घरोघरी झालाय.

खरी गंमत 'प्रति'त आहे. वडाळ्याच्या विठ्ठलमंदिराला आपण प्रतिपंढरपूर म्हणतो, तिथे प्रति म्हणजे 'दुसरं'. प्रतिहल्ल्यात 'उलट'. प्रतिपिंडात 'विरुद्ध', पण कोणाच्या? सगळ्यांना वाटतं, गाठीच्या. निवोलुमॅब मात्र गाठीला हातही लावत नाही. आपल्या टी पेशींवर (रोगाशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशींवर) पीडी-१ नावाचा ब्रेक असतो. गाठीतल्या पेशी पीडी-एल१ नावाचं प्रथिन पुढे करून तो दाबतात आणि टी पेशी गप्प बसतात. ही अँटीबॉडी पीडी-१ वरच जाऊन बसते, मग ब्रेक दाबायला जागा उरत नाही. म्हणजे ती आपल्याच पेशीच्या ब्रेकविरुद्ध! (याच ब्रेकच्या शोधाबद्दल जपानी शास्त्रज्ञ तासुकू होंजो यांना २०१८ साली नोबेल मिळालं.)

आता 'प्रतिकारक'. गाठीत शिरलेल्या भक्षक पेशींनी खरं तर गाठ खायची. पण त्यातल्या बऱ्याच तिच्याच चाकरीला लागतात: तिच्यासाठी नव्या रक्तवाहिन्या फुटतील अशी रसायनं सोडतात, टी पेशींना थोपवतात. कुंपणानं शेत खाल्लं असं आपण म्हणतो, इथे कुंपण तणाला पाणी घालतंय. उलट काही रुग्णांच्या गाठीत अँटीबॉडी बनवणाऱ्या बी पेशींची वस्ती असते, आणि अशांची प्रकृती बहुधा बरी राहते. एकाच घराण्यातले दोन्हीकडे! मला विचाराल तर आपला जुना 'पांढऱ्या पेशी' बरा. ढोबळ आहे, पण तो कोणाचीच बाजू घेत नाही.

आईंना यातलं काही ऐकवू नका. सलाइनमधून अँटीबॉडी देणार आहेत, एवढं पुरे.