हायब्रिड गाडीचे टायर बदलायचेत. आरामदायी आणि टिकाऊ कोणते घ्यावेत?

तुमची ग्रँड विटारा हायब्रिड, 44 हजार किलोमीटर झालेली, आठवड्यातून तीनदा धुळे-जळगाव ये-जा, कंपनीचे टायर घासत आलेले, आणि दुकानदार म्हणतोय ‘एक साइज मोठी घाला, गाडी मऊ चालेल’. भाऊ, मागच्या दिवाळीत मी नेमका याच गोंधळात होतो. माझी टोयोटाची हायरायडर हायब्रिड आहे, म्हणजे आतून तुमचीच गाडी. टायरही तोच, 215/60 आर 17.

आधी त्या मोठ्या साइजचं बघू. तुमच्या टायरची उंची जवळपास 690 मिलिमीटर आहे. 225/65 घातला तर ती 724 होते, म्हणजे 5 टक्के जास्त. मीटरवर 100 दिसेल तेव्हा गाडी खरी 105 ने पळत असेल. टायर जड, रुंद, लोळायला अवघड, आणि हायब्रिडसाठी जे जास्तीचे पैसे मोजलेत त्यावर तुम्ही स्वतःच पाणी सोडणार. दुकानदाराकडे बहुतेक तोच माल पडून असतो. तेव्हा साइज तीच, आणि साइजच्या पुढे 96 एच किंवा त्याहून वरचा आकडा-अक्षर. 96 म्हणजे एका टायरने 710 किलो पेलायचे, एच म्हणजे 210 च्या वेगापर्यंत. हायब्रिडमध्ये मागे डिकीत बॅटरी बसलेली असते, त्यामुळे भार पेलण्याच्या आकड्यात खाली उतरायचं नाही.

आता जे मला कुणी आधी सांगितलं नाही ते सांगतो. नवे टायर घातले की मायलेज पडतं, आणि तुम्हाला वाटेल की फसलो. माझं 23 वरून पहिल्या हजार किलोमीटरात 21.6 वर आलं. मी दुकानात भांडायला निघालो होतो, खोटं नाही सांगत. नंतर वही घेऊन बसलो. कंपनी गाडीसोबत देते ते टायर मुद्दाम कमी लोळण-विरोधाचे (रोलिंग रेझिस्टन्स, म्हणजे टायर लोळताना जी ताकद वाया जाते ती) निवडलेले असतात, कारण गाडी विकतानाचा मायलेजचा आकडा त्यावरही अवलंबून असतो. त्यात झिजलेला टायर आणखी हलका आणि पातळ होतो, म्हणून तो सोपा पळतो. नव्या टायरच्या खाचांमधले उंच रबरी ठोकळे रस्त्यावर दबतात, वळवळतात, त्यात पेट्रोल जातं. आणि तिसरी गंमत मीटरची. टायर 6 मिलिमीटर झिजला की त्याचा व्यास 12 मिलिमीटरने घटतो. लहान चाक जास्त फेरे मारतं, मीटर जास्त किलोमीटर मोजतं. हा फरक पावणेदोन टक्क्यांच्या आसपास येतो. म्हणजे माझ्या 23 मधले चार दशांश नुसते मीटरचे होते!

चार-पाच हजार किलोमीटरनंतर माझी गाडी 22.3 वर स्थिरावली. साधारण हिशेब असा असतो की लोळण-विरोध 10 टक्के वाढला तर पेट्रोल 1 ते 2 टक्के जास्त लागतं. मीटरचे ते चार दशांश वजा केले तर माझ्या बाबतीत 10 हजार किलोमीटरमागे सहाएक लिटरचा फटका बसला. आरामासाठी तेवढं मी आनंदाने देतो. तुम्हाला ते पटत नसेल तर आत्ता आहेत तेच टायर परत घाला, त्यातही चूक काही नाही.

आरामाची गोष्ट हायब्रिडमध्ये वेगळी आहे. डिझेल गाडीत टायरचा आवाज इंजिनाखाली झाकला जातो. आपल्या गाडीत पारोळ्याच्या गावातून चाळीसच्या वेगाने जाताना इंजिन बंदच असतं, आणि मग खालून टायर काय म्हणतोय ते सगळं ऐकू येतं. पहिल्यांदा मी टिकाऊपणाच्या नादात एक कडक, जाड ठोकळ्यांचा टायर घालून घेतला होता. मित्राच्या शेतावर जायला बरा पडेल, हा हिशेब. काँक्रीटच्या हायवेवर चढलो आणि जे घूंऽऽ सुरू झालं ते एरंडोल येईपर्यंत थांबलं नाही. मागे बसलेल्या आईने विचारलं, “गाडीत पाणी उकळतंय का रे?” ते टायर आठ दिवसांत तोटा सोसून परत केले. म्हणून तुम्हाला सांगतो, जाड-खडबडीत चेहऱ्याच्या टायरकडे बघूही नका. शेत-शिवाराची वाट वर्षातून चारदा, हायवे रोजचा. आणि काळ्या मातीचा चिखल लागला की कुठल्याच टायरच्या खाचा मोकळ्या राहत नाहीत, तेव्हा पावसाळ्यात गाडी डांबरीवरच ठेवून पायी जायचं. कापूस काढून झालेल्या वावरात तर गाडी घालूच नका. पऱ्हाटीचा खुंट बाजूच्या भिंतीत घुसला की पंक्चरवाला हात वर करतो, बाजूला पॅच चालत नाही.

तुम्ही नावं विचारलीत. मी शेवटी मिशेलिनचा प्रायमसी 4 एसटी घातला. त्यातलं एसटी म्हणजे आवाज कमी करण्यासाठी जुळवलेला. महाग आहे, पण चाकं फिरतायत हेच विसरायला होतं. कॉन्टिनेन्टलचा अल्ट्राकॉन्टॅक्ट, योकोहामाचा ब्लूअर्थ-जीटी आणि सिएटचा सिक्युराड्राइव्ह ही याच जातीची, म्हणजे हायवेला शांत चालणारी नावं. यातला आपल्या साइजमध्ये जो ताजा मिळेल तो घ्या. काही टायरांच्या बाजूवर ‘ट्रेडवेअर’ आणि पुढे आकडा असतो. आकडा मोठा तर झीज कमी, पण ती चाचणी कंपनीच करते, स्वतःच पेपर काढायचा आणि स्वतःच तपासायचा. एकाच कंपनीच्या दोन टायरांत तुलना करायला तो ठीक, दोन कंपन्यांत नाही.

खरं आयुष्य मात्र हवा ठरवते. आपल्याकडे मे महिन्यात जळगाव-भुसावळ 45 च्या वर जातं. हवा कमी असली की टायरची बाजू प्रत्येक फेऱ्याला जास्त वाकते, वाकली की तापते, आणि वरून तापलेला रस्ता. फुटलेल्या टायरांच्या चिंध्या हायवेच्या कडेला तुम्ही रोज बघत असाल. हवा सकाळी, गाडी निघायच्या आधी तपासा. आकडा ड्रायव्हरच्या दाराजवळच्या स्टिकरवर असतो. दुपारी पळून आलेल्या गाडीत तो चार-पाच पीएसआय जास्त दिसेल. ती वाढ उष्णतेची आहे, ती काढून टाकायची नाही. बरेच जण तिथेच चुकतात, आणि दुसऱ्या सकाळी कमी हवेवर धावतात. नायट्रोजनचं म्हणाल तर साध्या हवेत तो 78 टक्के असतोच, फुकट मिळाला तर भरा. आमच्या गल्लीतला म्हातारा पंक्चरवाला एवढंच म्हणतो, “हवा ध्यानमा ठेवा भाऊ, टायर आपोआप चालस.”

दुसरं म्हणजे पुढचे टायर. हायब्रिडची मोटर पुढच्या चाकांना जागेवरूनच जोर देते, आणि पाय सोडला की बॅटरी भरताना गाडी पुढच्याच चाकांवर आवरली जाते. ब्रेक पॅड वाचतात, पुढचे टायर खर्ची पडतात. माझ्या जुन्या टायरांत पुढच्यांना दोन मिलिमीटर उरले होते, मागच्यांना चार. दर 8 हजारांना फिरवून घ्या: पुढचे सरळ मागे, मागचे आडवे पुढे. तुमच्या पळण्यात ते साडेतीन महिन्यांतून एकदा येतं.

घ्यायला जाल तेव्हा बाजूवरचे चार आकडे वाचा. 3025 म्हणजे 2025 सालच्या तिसाव्या आठवड्यात बनलेला. सहा महिन्यांपेक्षा जुना मी घेत नाही. 22 सप्टेंबर 2025 पासून टायरवरचा जीएसटी 28 वरून 18 टक्के झालाय, बिलात तेवढाच लावलाय ना ते बघा. आणि बसवताना दुकानाबाहेर चहा पीत बसू नका. माझा एक टायर पोराने उलटा चढवला होता. बाजूवर इंग्रजीत ‘आउटसाइड’ लिहिलेलं असतं, ते माझ्याकडे आतल्या बाजूला, गाडीखाली गेलेलं. घरी धुताना लक्षात आलं. बॅलन्सिंग आणि अलाइनमेंट त्याच दिवशी करून घ्या.

यंदा दोनच घ्यायची ऐपत असेल तर नवे दोन मागे घाला, पुढे नाही. दुकानदार उलटं सांगेल. पण पावसात पाण्यावरून पुढचे घसरले तर गाडी सरळ जाते आणि तुम्हाला कळतं, मागचे घसरले तर ती भोवऱ्यासारखी फिरते.

आणि स्टेपनी काढून तिचीही हवा बघा. माझ्या स्टेपनीत 14 निघाली होती.