पेट्यांसाठी कर्ज नको, आणि पॉलिसीचा तिसरा हप्ताही नको

प्रश्न : वय 31. आठवीत मामांनी पत्त्यांची जादू शिकवली, तेव्हापासूनचा नाद. सुट्टीच्या दिवशी प्रयोग करतो. गेल्या वर्षी 40 झाले, सरासरी मानधन 6 हजार. लोकांना टेबलापाशी केलेली पत्त्यांची, नाण्यांची जादू जास्त आवडते. नोकरीत हातात 62 हजार येतात. ती सोडून पूर्णवेळ जादूगार व्हायचंय. स्टेजवरच्या मोठ्या पेट्यांसाठी 8 लाखांचं पर्सनल लोन 14 टक्क्यांनी, 5 वर्षांसाठी मिळतंय. घेऊ का? घरी पत्नी आणि मधुमेह असलेली आई, खर्च 38 हजार. पुढची चिंता नाही, कारण गॅरंटीड इन्कम पॉलिसी आहे : वर्षाला 1 लाख 20 हजार, 10 वर्षं भरायचे, 12 वर्षं झाली की दरवर्षी दीड लाख, 12 वेळा. एजंट म्हणाला, पगाराची जागा हीच घेईल. दोन हप्ते भरलेत.

उत्तर : कर्ज घेऊ नका. प्रवास, मदतनीस वगैरे जाऊन प्रयोगामागे 4 हजार उरतात असं धरू. घरखर्च 38, कर्जाचा हप्ता साडेअठरा, पॉलिसीचे महिना 10, असे साडेसहासष्ट हजार झाले. त्यासाठी महिन्याला 17 प्रयोग लागतील. तुमचे होतात तीन-साडेतीन. शिवाय मोठी पेटी आली की टेम्पो आला, दोन माणसं आली, ठेवायला जागा आली. बेड्यांतून सुटणारा जगप्रसिद्ध जादूगार हूडिनी, त्याला 1899 साली मार्टिन बेक या नाट्यव्यावसायिकाने बाकीचं बाजूला ठेवून बेड्यांतून सुटण्यावरच भर द्यायला सांगितलं, आणि तिथून त्याचं नाव झालं. तुमचे प्रेक्षक काय मागतात हे तुम्हीच लिहिलंय. त्याला 8 लाख लागत नाहीत.

पत्रातली खरी धोक्याची गोष्ट ती पॉलिसी आहे. 12 लाख भरून 18 लाख मिळणार हे ऐकायला छान वाटतं, पण पैसे इतके उशिरा येतात की परतावा सव्वातीन टक्क्यांच्या आसपास पडतो. वर्षाला दीड लाख म्हणजे महिना साडेबारा हजार, तेही 12 वर्षांनी. महागाई 6 टक्के धरली तर आजचे जेमतेम सव्वासहा हजार. याला पगाराची जागा म्हणणाऱ्या माणसाने तुमची सरळ फसवणूक केली आहे, आणि अशी विक्री रोज होते याचा मला संताप येतो. ज्याचं उत्पन्न उद्यापासून कमी-जास्त होणार, त्याच्या गळ्यात दहा वर्षांचा ठरलेला हप्ता बांधायचाच नसतो.

विमा कंपनीकडून सरेंडर व्हॅल्यू (पॉलिसी आता बंद केली तर हातात येणारी रक्कम) आणि पेड-अप व्हॅल्यू (पुढचे हप्ते थांबवून पॉलिसी तशीच ठेवली तर नंतर मिळणारी कमी रक्कम) दोन्ही लेखी मागवा. दोन हप्त्यांनंतर बंद केली तर भरलेल्या रकमेच्या किमान 30 टक्के, म्हणजे 72 हजार मिळायला हवेत; कदाचित जास्त मिळतील. दीड-पावणेदोन लाख गेले म्हणून जीव हळहळेल, पण ते वाचवायला आणखी 9 लाख 60 हजार घालू नका. फक्त आधी 1 कोटीचा साधा टर्म इन्शुरन्स (मुदतीत मृत्यू झाला तरच घरच्यांना पैसे देणारा विमा) घ्या, तो सुरू झाला की मगच ही पॉलिसी बंद करा. त्याचा प्रीमियम या पॉलिसीच्या हप्त्याच्या आठव्या-दहाव्या हिश्शात बसेल.

आईंच्या आरोग्यविम्याचा पत्रात उल्लेखच नाही. त्या तुमच्या ऑफिसच्या मेडिक्लेममध्ये असतील, तर राजीनाम्याबरोबर ते कवचही जाईल. नव्या पॉलिसीत आधीपासूनच्या आजाराला तीन वर्षांपर्यंत थांबावं लागू शकतं. तो काळ नोकरीत असतानाच सुरू होऊ द्या. ऑफिसच्या ग्रुप पॉलिसीतून त्याच विमा कंपनीच्या वैयक्तिक पॉलिसीत जाता येतं का, आधीचा काळ धरला जातो का, हे राजीनाम्याआधी विचारा.

नोकरी सोडायची वेळ पत्रावरून ठरवता येणार नाही, वहीवरून येईल. प्रत्येक प्रयोगाचं मानधन, खर्च, आणि बोलावणं ओळखीतून आलं की प्रयोग पाहिलेल्या माणसाकडून, हे लिहीत जा. पॉलिसीचे वाचलेले महिना 10 हजार आणि प्रयोगांची सगळी कमाई वेगळ्या खात्यात टाका. वर्षभराचा घरखर्च, म्हणजे साडेचार लाख, दीड-पावणेदोन वर्षांत जमतील. तोवर महिन्याला दहा प्रयोग सलग सहा महिने झाले, तर घरखर्च निघतो. तेव्हा राजीनामा द्या.