जुन्या सायकलीसाठी बेळगावात मिस्त्री शोधताना

आजोबांची रॉड ब्रेकची (तारेऐवजी लोखंडी दांड्यांनी लागणाऱ्या ब्रेकची) सायकल घेऊन तुम्ही बेळगावात राहायला आलात, याचा फार आनंद झाला. ती चकचकीत शोरूममध्ये नेऊ नका. शहापूर, वडगाव, खडेबाजार अशा जुन्या भागांतून पायी फिरा आणि सायकलवरून पेपर टाकणाऱ्यांना विचारा, "चाकाचा आऊट चांगला कोण काढतो?" पंक्चर कुणीही काढतं, आऊट, म्हणजे चाकाचा वाकडेपणा, काढायला हात लागतो. जाणता मिस्त्री आधी चाक फिरवून नुसतं बघतो, आरे (स्पोक) बोटांनी दाबून ताण अजमावतो, मग आरे पिळायची चावी लावतो, तीही पाव-अर्धा फेराच.

कॉटर पिन (पेडलचा दांडा, म्हणजे क्रँक, आसाला पक्का धरणारी खीळ) ठोकताना क्रँकखाली भक्कम टेकू देतो का, हे मी सगळ्यात आधी बघतो. टेकू नसेल तर प्रत्येक घाव आतल्या बेअरिंगच्या छर्‍यांवर आणि कपांवर बसतो. तसं दिसलं तर नम्रपणे सायकल परत घ्या.

ओव्हरऑइलिंगला (सगळे भाग खोलून साफसफाई आणि तेलपाणी करायला) टाकलीत तर छर्रे नवेच घालायला सांगा. साधारणपणे पुढच्या चाकात ३/१६ इंची, मागच्या चाकात १/४ इंची लागतात. जुने-नवे मिसळू देऊ नका.

टायर मागताना नुसतं 'अठ्ठावीस' म्हणू नका. तुमचा २८ × १ १/२ असणार, म्हणजे रिमवर टायर बसतो तिथला व्यास ६३५ मिमी. ७०० सी टायर ६२२चा, तो बसणारच नाही.

भाषेची काळजी नको. मराठी बोला, अडलं तर कानडीत "स्वल्प नोड्री" (जरा बघा हो) म्हणा, आपुलकीनं बघतात. फक्त पावसाळ्याआधी जा.