झाडांच्या छाटणीचा व्यवसाय : बकेटची गाडी आधी घ्यावी का?

प्रश्न : माझा मुलगा वीस वर्षांचा आहे. डिझेल मेकॅनिकचा आयटीआय करून तो गेले वर्षभर पिंपरी-चिंचवडमध्ये झाडांची छाटणी करणाऱ्या एका ठेकेदाराकडे काम करतो. त्याला स्वतःचा व्यवसाय सुरू करायचा आहे आणि त्यासाठी टेम्पोवर बसवलेली बकेट लिफ्ट (माणसाला पाळण्यात उभे करून वर उचलणारे यंत्र) असलेली एक जुनी गाडी कर्ज काढून घ्यायची आहे. जमीन तारण ठेवावी लागेल. घरी ट्रॅक्टर आहे. नातेवाईक म्हणतात, झाडे तोडायला शिक्षण कशाला हवे होते? काय करावे?
— एक आई, कराड तालुका

आदरणीय ताई,

सप्रेम नमस्कार.

नातेवाइकांच्या बोलण्याचे आधी सांगतो. शहरांमध्ये जुने पर्जन्यवृक्ष, गुलमोहर आणि पीतमोहर इमारतींवर, विजेच्या तारांवर आणि खाली उभ्या असलेल्या वाहनांवर झुकलेले असतात. पावसाळ्यापूर्वी त्यांची छाटणी महापालिकेपासून गृहनिर्माण संस्थांपर्यंत सगळ्यांनाच करून घ्यावी लागते. परंतु झाडाला इजा न करता आणि कोणाच्याही जिवाला धोका न पोहोचवता हे काम करणारी माणसे फार थोडी आहेत. परदेशात हा रीतसर प्रशिक्षण घेऊन करायचा व्यवसाय मानला जातो. तुमच्या मुलाने निवड चांगली केली आहे. माझा आक्षेप आहे तो फक्त खरेदीच्या क्रमाला.

बकेट लिफ्टची गाडी डोळ्यांत भरते आणि ती दारात उभी असली की व्यवसाय उभा राहिला असे वाटते, हे मी समजू शकतो. मात्र ज्या झाडांसाठी लोक जास्त पैसे मोजायला तयार असतात, ती बहुधा इमारतीच्या मागच्या बाजूला, कंपाउंडच्या भिंतीलगत किंवा बोळात असतात आणि तिथे टेम्पो पोहोचतच नाही. जिथे पोहोचतो, तिथेही गाडीचे आधाराचे पाय कशावर टेकतात हा प्रश्न असतोच. सोसायटीच्या आवारातील पेव्हर ब्लॉकखाली अनेकदा ड्रेनेजची चेंबर, पाण्याची टाकी किंवा सेप्टिक टँक असते. बकेट एका बाजूला लांबवली की जवळजवळ सगळा भार त्या बाजूच्या पायांवर येतो आणि झाकण खचले तर गाडी कलंडते. म्हणून जाणकार चालक आधी आवारातील चेंबर कुठे आहेत हे विचारतो, प्रत्येक पायाखाली जाड लाकडी फळी किंवा प्लेट ठेवतो आणि मगच बकेट उचलतो. शिवाय साधी बकेट विद्युतरोधक नसते. तारांजवळ काम असेल, तर महावितरणकडून किंवा तिथल्या वीज कंपनीकडून लाइन बंद करून घेतल्याशिवाय वर जायचेच नाही. सहाव्या मजल्याएवढ्या उंच झाडाला अशी गाडी अनेकदा अपुरीच पडते. त्यात छाटणीचा हंगाम मुख्यतः पावसाळ्याच्या तोंडावर असतो, कर्जाचा हप्ता मात्र बाराही महिने असतो. ज्या दिवशी लिफ्ट लागेल, त्या दिवशी ती चालकासह भाड्याने आणता येते आणि ते भाडे ग्राहकाच्या अंदाजपत्रकात धरता येते.

भाड्याने आणता येत नाही ते कौशल्य आणि अंगावरची साधने. पहिला पैसा तिथे जावा, असे माझे स्पष्ट मत आहे. हनुवटीला पट्टा असलेले हेल्मेट, चेहऱ्यावरची जाळी, कानांचे संरक्षण, झाडावरच्या कामासाठी बनवलेला हार्नेस, चढण्याचे दोन प्रमाणित दोर आणि आत पोलादी तार असलेला कमरेचा लॅनयार्ड, म्हणजे खोडाभोवती टाकून स्वतःला बांधून घ्यायचा आखूड दोर, ही किमान साधने होत. बाजारात मिळणारा साधा सेफ्टी बेल्ट पडताना अडवण्यासाठी असतो. त्यात बसून तासन्‌तास काम करता येत नाही. चेनसॉ, म्हणजे इंजिनावर चालणारी साखळीची करवत, वापरताना घालायची पँट महाग वाटते, पण तिच्या आत लांब, सैल धाग्यांचे अनेक थर असतात. साखळी कापडाला लागताच ते धागे बाहेर ओढले जातात, करवतीच्या चक्रात गुंततात आणि साखळी क्षणार्धात थांबते. हे एकदा प्रात्यक्षिकात पाहिले की जीन्सवर चेनसॉ चालवायला कोणी धजत नाही. पायांना बांधायचे लोखंडी काटे मात्र केवळ पूर्ण तोडायच्या झाडासाठी वापरावेत, कारण छाटून जगवायच्या झाडाच्या सालीला त्यांनी पडलेल्या जखमांतून कीड आणि बुरशी आत शिरते.

चेनसॉ दोन लागतील : एक जमिनीवरची आणि एक झाडावर वापरायची हलकी, जिची मूठ वरच्या बाजूला असते. ही छोटी करवत एका हातात सहज मावते आणि म्हणूनच ती अधिक धोकादायक आहे. ती दोन्ही हातांनीच धरायची आणि ती चालू असताना झाडाला दोन ठिकाणी बांधलेले असायचे, कारण एक दोर चुकून कापला गेला तरी दुसरा राहिला पाहिजे. साखळी जिच्याभोवती फिरते त्या पट्टीच्या टोकाचा वरचा भाग लाकडाला लागला की करवत उसळून माणसाच्या तोंडाकडे येते, हे त्याला ठाऊक असेलच. तुमच्या मुलाचा आयटीआय इथे कामी येतो. ज्या करवतीला 50:1 मिश्रण सांगितलेले असते, तिच्यासाठी एक लिटर पेट्रोलला 20 मिलिलिटर टू-स्ट्रोक ऑइल मोजून घालणे, साखळीच्या मापाची गोल कानस वापरून प्रत्येक दात सारख्या कोनात आणि सारख्याच वेळा घासणे, हवेचा फिल्टर रोज साफ करणे ही कामे मेकॅनिकच्या हातांना जड जात नाहीत. धारदार साखळी लाकडाचे जाडसर कपटे उडवते आणि बोथट साखळी पीठ पाडते. एवढी एक खूण त्याने मजुरांना शिकवली, तरी इंजिनाचे आयुष्य वाढेल आणि जोर लावून कापताना होणारे अपघात कमी होतील.

फांदी खाली कशी आणायची, हा या व्यवसायाचा गाभा आहे. मोठी फांदी खोडाजवळ वरून एकदम कापली, तर ती स्वतःच्या वजनाने साल सोलत खाली येते. म्हणून आधी खोडापासून फूटभर अंतरावर खालून अर्धवट काप, मग त्याच्या किंचित बाहेर वरून पूर्ण काप, आणि शेवटी उरलेला खुंट खोडालगतच्या फुगीर कड्याला धक्का न लावता काढणे, अशी ही तीन कापांची रीत आहे. खाली कौले किंवा गाड्या असतील, तर फांदी आधी दोराला बांधून, बुंध्याला लावलेल्या घर्षणाच्या साधनावरून हळूहळू सोडावी लागते. त्यासाठी वेगळा दोर आणि कप्पी लागते. चढण्याचा दोर फांद्या सोडायला कधीही वापरू नये.

आता गाडीविषयी. या धंद्यात वेळ आणि मजुरी सर्वाधिक खाणारी गोष्ट म्हणजे कापलेल्या फांद्या उचलून नेणे. एका मध्यम गुलमोहराच्या पालवीने पिकअपचा हौदा सहज भरतो, जरी तिचे वजन फारसे नसले तरी. त्यामुळे पहिली गाडी घ्यायचीच असेल, तर ती उंच जाळीचा आणि शक्य तर मागे उलटणारा हौदा असलेली पिकअप असावी आणि तिच्या जोडीला फांद्यांचा चुरा करणारे चिपर असावे. घरच्या ट्रॅक्टरच्या पीटीओवर, म्हणजे जोडलेल्या यंत्राला इंजिनाची ताकद देणाऱ्या मागच्या दांड्यावर, चालणारे चिपरही मिळते. कराड, सातारा आणि सांगलीकडे काम सुरू केले, तर तो ट्रॅक्टर उपयोगी पडेल; मात्र शेतीसाठी नोंदवलेला ट्रॅक्टर व्यावसायिक कामाला लावण्याआधी आरटीओमध्ये चौकशी करावी. चुरा सोसायटीच्या बागेत आच्छादन म्हणून पसरता येतो आणि वाहतुकीच्या खेपा वाचतात. चिपरजवळ दोर आणि सैल कपडे नेऊ नयेत. फांदीबरोबर दोराचे टोक आत गेले, तर त्या दोरात अडकलेला माणूस ओढला जातो. परवान्याच्या बाबतीत, एकूण वजन 7,500 किलोच्या आतील मालवाहू गाडी हलक्या वाहनाच्या परवान्यावर चालवता येते, हे सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर 2024 मध्ये स्पष्ट केले आहे.

शहरी भागात वृक्षतोडीला आणि छाटणीला 1975 चा राज्याचा वृक्ष संरक्षण कायदा लागू आहे. 2021 च्या दुरुस्तीने 50 वर्षे आणि त्याहून जुन्या झाडांना हेरिटेज वृक्षाचा दर्जा दिला. परवानगी मागण्याचे काम मालकाचे असले, तरी विनापरवाना झाड तोडणाराही जबाबदार धरला जातो. म्हणून वृक्ष अधिकाऱ्याच्या लेखी परवानगीची प्रत हातात आल्याशिवाय त्याने करवत सुरू करू नये. सोबतच्या मजुरांचा अपघात विमा आणि इतरांच्या नुकसानीचा विमा पहिल्या कामापूर्वीच काढावा.

शिक्षणासाठी मी असे सुचवेन. तो आणखी दोन हंगाम नोकरीतच राहू द्या. त्या काळात त्याने इराटा (IRATA) या दोरावरच्या कामाच्या आंतरराष्ट्रीय संघटनेचे पहिल्या पातळीचे प्रशिक्षण घ्यावे. ते काही दिवसांत होते, शेवटी परीक्षा असते आणि वर लटकलेल्या साथीदाराला सोडवून खाली आणणेही त्यात शिकवतात. झाडावर एक माणूस असताना, त्याला खाली आणू शकणारा दुसरा प्रशिक्षित माणूस जमिनीवर असलाच पाहिजे. पुढे इंटरनॅशनल सोसायटी ऑफ आर्बोरिकल्चर या वृक्षसंगोपनाच्या आंतरराष्ट्रीय संस्थेच्या प्रमाणपत्र परीक्षेचा विचार करता येईल. तिच्यासाठी साधारणतः तीन वर्षांचा पूर्णवेळ अनुभव मागतात, म्हणून आतापासून केलेल्या कामांची नोंद ठेवावी. वनशास्त्राची पदवी हवी असेल, तर दापोली आणि अकोला येथील कृषी विद्यापीठांत तो अभ्यासक्रम आहे. पण या व्यवसायासाठी ती अट नाही.

शेवटी त्या जुन्या गाडीविषयी. जमीन तारण ठेवून ती घेऊ नका. तरीही बोलणे पुढे गेले असेल, तर इसार देण्याआधी लिफ्ट बसवल्याची नोंद आरसी बुकात आहे का ते पाहा, कारण गाडीत असा बदल आरटीओच्या मंजुरीशिवाय करता येत नाही. हायड्रॉलिक नळ्या, जोडांवरचे वेल्डिंग आणि इंजिन बंद पडल्यास बकेट हाताने खाली आणण्याची सोय यांची तपासणी विक्रेत्याखेरीज दुसऱ्या जाणकाराकडून करून घ्या. ब्रिटनमध्ये माणूस उचलणाऱ्या अशा साधनांची दर सहा महिन्यांनी सक्षम व्यक्तीकडून सखोल तपासणी करून घ्यावी लागते. या गाडीची शेवटची तपासणी कधी आणि कोणी केली, याचा लेखी कागद विक्रेत्याकडे मागा. तो कागद मिळत नसेल, तर व्यवहार तिथेच थांबवा.

आपला,
करिअर मार्गदर्शक