नीटनेटकेपणा की ओसीडी?

परवा परत एका आईचा तोच प्रश्न, मुलगी फार परफेक्शनिस्ट आहे हो, सगळं जागच्या जागी लागतं, ओसीडी (नको ते विचार परत परत येणं आणि त्यापायी तीच तीच कृती करावी लागणं, हा मानसिक आजार) तर नसेल ना? हल्ली कपाट नीट लावणारा पण "मला जरा ओसीडीच आहे" म्हणून हसतो, त्यामुळे गोंधळ होणारच.

मला बारावी सायन्सची एक मुलगी आठवली (ओळख पटू नये म्हणून तपशील बदललेत). आई घेऊन आली त्यात तक्रारीपेक्षा कौतुकच जास्त होतं, अक्षर छापल्यासारखं, शाळेत बक्षिसं वगैरे. फक्त हल्ली रात्री दोन-दोन वाजेपर्यंत जागते, पानं फाडून परत लिहिते आणि फिजिक्सचं जर्नल अजून सबमिट केलेलं नाही. खरं सांगते, मी पण आधी परीक्षेचं टेन्शनच धरून चालले होते. मग सहज विचारलं, पान फाडतेस ते चूक होते म्हणून का गं?

"चूक नसते मॅडम. पण बसत नाही."

काय बसत नाही ते तिला सांगता येईना. खूप वेळाने खाली बघत म्हणाली, अक्षर मनासारखं न बसता पुढे गेले तर बाबांच्या गाडीला काहीतरी होईल असं वाटतं, खोटं आहे हे कळतं पण रिस्क कोण घेणार. एकेक पान नऊ-दहा वेळा!

परफेक्शनिस्ट माणूस दमतो, चिडतो, पण पान झाल्यावर त्याला बरं वाटतं. हिचं पान होतच नव्हतं. ओसीडी ठरवताना दिवसाचा तासाहून जास्त वेळ जातोय का, किंवा त्याने अभ्यास, झोप, कामं अडतायत का हे बघतात, हिचं दोन्ही होतं.

मग ईआरपी नावाची थेरपी सुरू केली, म्हणजे भीती वाटू द्यायची पण ती शमवायला जे करतो ते करायचं नाही. नवीन नाहीये हे, लंडनला मानसशास्त्रज्ञ व्हिक्टर मेयरनी 1966 मध्येच याची सुरुवात केली होती. पहिला होमवर्क, हेडिंगखालची रेघ पट्टी न वापरता मारायची. मग एक शब्द मुद्दाम खोडायचा आणि पान तसंच ठेवायचं. रडली, पण बसून राहिली, भीती 100 पैकी 80 वरून हळूहळू 50 वर आली.

आईचं काम जास्त अवघड गेलं. "बघ ना, बरोबर आहे ना?" याला दिवसातून पंधरा वेळा "हो गं बाळा" म्हणायची सवय, आणि तेच आजाराला खतपाणी. ते आम्ही मुलीशी ठरवूनच कमी केलं. सायकियाट्रिस्टनी गोळ्या दिल्या तर तिसऱ्याच आठवड्यात घरचे म्हणे फरक नाही, बंद करू का? अहो, 8 ते 12 आठवडे लागतात त्याला!

जर्नल शेवटी गेलं, उशिरा, दोन खाडाखोडींसकट.

तर ताई, मुलीला विचारा, काम झाल्यावर छान वाटतं का, की फक्त सुटल्यासारखं, आणि तेही दहाच मिनिटं? दुसरं असेल तर दाखवून घ्या, टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 नंबर फुकट आहे, मराठीतही बोलतात. फक्त विचाराल ते एकटीला गाठून विचारा, सगळ्यांसमोर जेवताना नको.