शस्त्र लागल्यामुळे गाठ पसरली का?

प्रश्न : माझे सासरे ६८ वर्षांचे आहेत. लहानपणी गुऱ्हाळावर काहिलीतला उकळता रस उडून त्यांचे उजवे कानशील भाजले होते. त्या जुन्या वणावर दोन वर्षांपूर्वी जखम झाली आणि ती भरेना. तुकडा तपासल्यावर त्वचेचा कॅन्सर निघाला. आठ महिन्यांपूर्वी शस्त्रक्रिया झाली, तेव्हा ‘सगळे काढले आहे’ असे आम्हाला सांगण्यात आले. आता कानापुढे सुपारीएवढी गाठ आली आहे. भावकीतले म्हणतात, शस्त्र लागले म्हणून रोग पसरला, आता पुन्हा कापू देऊ नका. आम्ही काय करावे?
— एक सून, निपाणी तालुका

उत्तर : ताई, शस्त्र लागल्याने कॅन्सर पसरत नाही. ही समजूत आपल्या भागात इतकी रुजलेली आहे की तिच्यापायी कित्येक रुग्ण दवाखान्यात येतात तेव्हा गाठ फुटलेली असते. कानापुढे लाळग्रंथी असते आणि कानशील व डोक्याच्या त्वचेतून निघणाऱ्या लसीकावाहिन्या (शरीरातील लस वाहून नेणाऱ्या बारीक नळ्या) प्रथम तिच्यातील लसीकागाठींत येतात. आज जी गाठ हाताला लागते, तिचे बीज बहुधा पहिल्या शस्त्रक्रियेच्या वेळीच तेथे पोहोचलेले असावे. मात्र तेव्हा ते डोळ्यांना किंवा बोटांना कळण्याइतके मोठे नव्हते. भाजल्याच्या वणात काही दशकांनी उद्भवणारा ‘स्क्वॅमस सेल’ (त्वचेच्या वरच्या थरातील चपट्या पेशी) प्रकारचा कॅन्सर उन्हामुळे होणाऱ्या त्याच प्रकारच्या कॅन्सरपेक्षा अधिक आक्रमक असतो आणि लसीकागाठींकडे लवकर धाव घेतो.

‘सगळे काढले’ या शब्दांवर न थांबता पहिल्या शस्त्रक्रियेचा पॅथॉलॉजी रिपोर्ट, म्हणजे काढलेल्या भागाच्या तपासणीचा अहवाल, काढून पाहा. कागद इंग्रजीत असला तरी डॉक्टरांना त्यातील तीन गोष्टी आवर्जून विचारा : कडेला, म्हणजे मार्जिनला, किती मिलिमीटर निरोगी त्वचा मिळाली, रोग किती खोल गेला होता (६ मिलिमीटरपेक्षा अधिक खोली धोक्याची मानतात), आणि मज्जातंतूंभोवती पेशी दिसल्या का. यांतील तिसरी गोष्ट मला सर्वांत महत्त्वाची वाटते. हा कॅन्सर मज्जातंतूच्या कडेकडेने, एखाद्या पाटातून पाणी सरकावे तसा, कवटीच्या दिशेने सरकू शकतो आणि वरची त्वचा मात्र चांगली दिसत राहते. चेहऱ्यावर मुंग्या आल्यासारखे वाटणे, गालाला बधिरपणा येणे किंवा डोळा नीट न मिटणे, यांपैकी काहीही असेल तर ते डॉक्टरांना आधी सांगा.

गाठीची सुईने तपासणी, चेहरा व मानेचा सीटी स्कॅन आणि मज्जातंतूची शंका असल्यास एमआरआय झाल्यावर निर्णय घ्यावा. रोग काढण्याजोगा असेल तर शस्त्रक्रियाच मुख्य उपचार ठरते आणि ६८ हे वय त्याला आड येत नाही. त्या वेळी लाळग्रंथीचा भाग व त्या बाजूच्या मानेतील लसीकागाठी एकत्र काढल्या जातात. तोंड वाकडे होण्याची भीती अकारण नाही, कारण चेहरा हलवणारा मज्जातंतू याच ग्रंथीतून जातो. तो नीट काम करत असेल आणि रोगाने वेढलेला नसेल तर शल्यविशारद त्याला जपतात. तो काढावाच लागला तर दुसऱ्या ठिकाणच्या मज्जातंतूचा तुकडा जोडता येतो. पापणी मिटत नसल्यास डोळ्याची निगा मात्र पहिल्या दिवसापासून घ्यावी लागते. कानशिलावरील त्वचा पुन्हा काढावी लागली, तर मांडीवरची त्वचा किंवा मांसल पदर तेथे लावतात. कडा स्वच्छ असल्याची खात्री होण्याआधी कायमची झाकणी करण्याची घाई करू नये, असे माझे मत आहे.

गाठीत रोग निघाला तर शस्त्रक्रियेनंतर साधारण सहा आठवड्यांच्या आसपास रेडिएशन सुरू करतात. ते आठवड्यातून पाच दिवस, सुमारे सहा आठवडे चालते. त्याआधी दात तपासून घ्या. रेडिएशनच्या जोडीला कार्बोप्लॅटिन हे केमोथेरपीचे औषध दिल्याने जास्तीचा फायदा होत नाही, असे २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ऑस्ट्रेलिया व न्यूझीलंडमधील चाचणीत दिसले. शस्त्रक्रिया वा रेडिएशनने रोग आटोक्यात येण्याजोगा नसेल तर प्रतिकारशक्ती जागवणारी सेमिप्लिमॅबसारखी औषधे आहेत. अमेरिकेत सेमिप्लिमॅबला २०१८ मध्ये मान्यता मिळाली. अशा औषधांचा खर्च मोठा असतो, म्हणून आधी स्पष्ट विचारून घ्या.

खर्चाचे म्हणाल तर आयुष्मान भारत आरोग्य कर्नाटक योजनेचे कार्ड बरोबर ठेवा. महाराष्ट्र शासनाने २०२३ मध्ये सीमाभागातील ८६५ गावांसाठी महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजना लागू करण्याचा निर्णय घेतला होता. आपले गाव त्यात येते का आणि कोल्हापूरकडील कोणते रुग्णालय ते मान्य करते, याची चौकशी दाखल होण्यापूर्वीच करा.

उलटणाऱ्या दहा रोगांपैकी सात-आठ पहिल्या दोन वर्षांतच डोके वर काढतात. म्हणून तेवढा काळ दर तीन ते सहा महिन्यांनी कानशील, लाळग्रंथी व मान तपासून घ्यावी लागेल. बेळगाव, कोल्हापूर किंवा मुंबईला जाल तेव्हा पहिल्या लॅबमधून तपासलेल्या तुकड्याच्या काचपट्ट्यांबरोबर तो तुकडा ज्यांत जपलेला असतो ते मेणाचे ठोकळेही मागून न्या. केवळ रिपोर्टचा कागद नेल्यास तेथील पॅथॉलॉजिस्टना स्वतःच्या डोळ्यांनी काहीच पाहता येत नाही.