दहा गुंठ्यांत पहिली द्राक्षबाग : वाचकांचे प्रश्न

प्रश्न : घरच्या शेतातला दहा गुंठ्यांचा तुकडा पडीक आहे. शेतीचा अनुभव शून्य. द्राक्षं लावायची आहेत, तर जात कोणती निवडू?

उत्तर : जातीचं सर्वांत शेवटी. आधी तुकड्यात दोन-तीन ठिकाणी मीटरभर खोल खड्डे खणा. खाली मुरूम लागला तर उत्तम, पाणी निचरेल. चिकण माती लागली आणि खड्ड्यात ओतलेलं पाणी दुसऱ्या दिवशीही तसंच साचलेलं दिसलं, तर पहिलं काम चर काढण्याचं. द्राक्षवेल कोरड बऱ्यापैकी सोसते, पण पाण्यात बुडालेल्या मुळ्या कुजतात.

मातीपरीक्षण बहुतेक जण करतात. पाण्याचं परीक्षण मात्र राहून जातं, आणि पुढची अर्धी दुखणी तिथूनच येतात. पाण्याचा ई.सी. (विरघळलेल्या क्षारांचं प्रमाण दाखवणारी विद्युतवाहकता) १ डेसिसायमन प्रति मीटरच्या आत हवा. त्यापुढे क्षार साचत जातात, पानांच्या कडा जळतात, उत्पादन घटतं. अहवालात सोडियम, क्लोराइड आणि जमिनीतली चुनखडी हे आकडे आवर्जून मागा. खुंट, म्हणजे जिच्या मुळांवर हवी ती जात कलम करतात ती वेल, त्यांवरूनच ठरतो.

प्रश्न : ओळखीच्या बागेतल्या छाटणीच्या काड्या फुकट मिळत आहेत. त्याच रोवल्या तर चालतील का?

उत्तर : रुजतील, अगदी सहज रुजतील. म्हणूनच माणूस फसतो. १८६० च्या दशकात फायलोक्सेरा ही मुळ्यांवर जगणारी बारीक कीड अमेरिकेतून फ्रान्समध्ये पोचली आणि स्वमुळांवरच्या बागांची धूळधाण झाली. अमेरिकी जंगली वेलींच्या खुंटावर कलम करण्याची रीत तिथून सर्वत्र पसरली. ही कीड नसलेल्या भागातही खुंट लागतोच, कारण क्षार, चुनखडी, सूत्रकृमी (मुळ्यांना लागणारे सूक्ष्म कृमी) आणि पाण्याचा ताण यांना तोंड तोच देतो. डॉगरिज नावाचा खुंट क्षार आणि कोरड सोसतो, पण वेलीला जोम फार देतो. भारी जमिनीत त्यावर पाल्याचं रान माजतं. ११० आर हा दुसरा खुंट पाण्याचा ताण सोसतो आणि जोम त्यामानाने आटोक्यात ठेवतो. शिवाय फुकटच्या काडीबरोबर विषाणूही फुकट येतो.

खुंट आधी लावून पेन्सिलीएवढा जाड झाला की जागेवर पाचर कलम करता येतं, पण त्याला सरावाचा हात लागतो. नवख्याने तयार कलमंच घ्यावीत. लावताना जोड जमिनीच्या वीतभर वर राहू द्या. मातीची भर देताना जोड बुजला, तर वरच्या जातीलाच मुळ्या फुटतात आणि खुंटाचा उपयोग संपतो.

प्रश्न : दहा गुंठ्यांत वेली किती बसतील आणि तार किती लागेल?

उत्तर : दोन ओळींत १० फूट आणि दोन वेलींत ५ फूट अंतर धरलं, तर १०,८९० चौरस फुटांत कागदावर २१७ वेली बसतात. कडेला फिरायला जागा सोडल्यावर १९० च्या आसपास धरा. ओळी शक्यतो दक्षिणोत्तर, म्हणजे दोन्ही बाजूंना ऊन मिळतं.

इंग्रजी वाय (Y) आकाराच्या मांडवाला ओलांड्याची (तारेवर आडव्या पसरवलेल्या फांदीची) एक आणि दोन्ही हातांवर तीन-तीन, अशा सात तारा. ओळींची कागदावरची एकूण लांबी सुमारे ३३० मीटर, म्हणजे तार २,३०० मीटर. अडीच मिलिमीटर जाडीची तार किलोला साधारण २६ मीटर भरते. हिशेब ९० किलोचा येतो. बांधणी आणि ताण धरून १०० किलो घ्या.

काटकसर करायचीच तर कडेच्या खांबांवर नको. तीस वेलींच्या ओळीत वेलीला ८ किलो माल धरला तरी २४० किलो वजन तारांवर येतं, वर ओला पाला आणि वारा. कडेचा खांब बाहेरच्या बाजूला कललेला, तीन फूट गाडलेला आणि मागे ताण दिलेला हवा. मधले खांब १५ ते २० फुटांवर चालतात.

प्रश्न : वेल झपाट्याने वाढली, दोन्ही ओलांडे तारेवर अडीच-अडीच फूट पसरले. पण मधले डोळे फुटतच नाहीत. खत कमी पडलं का?

उत्तर : खत नाही, घाई नडली. शेंडा जोमात पळत असला की तो मागच्या डोळ्यांना दाबून ठेवतो. ओलांडा एका दमात वाढवला की टोकाला काड्या येतात आणि मध्ये टक्कल पडतं. बागायतदार यासाठी ‘स्टॉप अँड गो’ करतात : ओलांड्याची फूट नऊ-दहा पानांची झाली की सहा-सात पानांवर खुडायची. बगलफुटी निघतात, त्यांतली टोकाची फूट पुढे न्यायची, बाकीच्या काड्या म्हणून राखायच्या. ती पुढची फूट वाढली की पुन्हा खुडायची. वेळ जास्त लागतो, पण तीन-चार इंचांवर एक काडी सारखी मिळते.

तुमच्या वेलींवर उपाय एकच : शेवटच्या नीट फुटलेल्या डोळ्यापर्यंत ओलांडा मागे कापा आणि पुन्हा टप्प्याटप्प्याने वाढवा. जीवावर येईल, कबूल. पण आजची रिकामी जागा बाग असेपर्यंत रिकामीच राहते.

प्रश्न : दुसऱ्या वर्षी घडांच्या जागी बाळ्याच (आधार धरणारे तणावे) का निघाल्या?

उत्तर : घड फुटताना दिसतो, पण ठरतो आधीच्या हंगामात, डोळ्याच्या आत. त्या काळात काडीवर ऊन पडलं नाही, किंवा नत्र आणि पाणी जास्त झालं, तर घडाच्या अंकुराची बाळी होते. उष्ण प्रदेशात वेल झोपत नाही, म्हणून खरड छाटणी (नव्या काड्यांसाठी) आणि फळछाटणी (घडांसाठी) अशा दोन छाटण्या होतात. खरड छाटणीनंतरचा दुसरा महिना यासाठी कळीचा. गर्दीच्या फुटी तेव्हाच काढा. थंड प्रदेशात वेल सुप्त असताना एकच छाटणी असते, तिथे फुलोऱ्याच्या आसपास हीच काळजी घ्यावी. आलेल्या घडांपैकीही पहिल्या वेळी निम्मे काढून टाका. घडामागे किमान १२ ते १५ पानं नसतील, तर मण्यांत गोडी भरत नाही.

प्रश्न : एक टक्का बोर्डो (मोरचूद आणि चुन्याचं बुरशीनाशक मिश्रण) घरी कसं करायचं?

उत्तर : १ किलो मोरचूद ५० लिटर पाण्यात, १ किलो चुना वेगळ्या ५० लिटरमध्ये, दोन्ही प्लास्टिकच्या पिंपांत. मोरचुदाचं पाणी चुन्याच्या पाण्यात ढवळत ओता. चकचकीत लोखंडी सुरी मिनिटभर बुडवा. तांबूस थर चढला तर चुना कमी आहे, आणखी घाला. मिश्रण त्याच दिवशी संपवा. कोवळ्या फुटीवर निम्मी मात्रा, फुलोऱ्यात अजिबात नाही. हे केवडा या बुरशीजन्य रोगासाठी, भुरी या दुसऱ्या बुरशीजन्य रोगाला गंधक लागतं, आणि तेही पारा ३२ अंशांच्या वर असताना मारलं तर पानं भाजतात.